अक्काची साक्ष

ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस,

अक्काचे अ. उ. आ., वि. वि.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. फोन का उचलत नाही म्हणून एवढ्याशा कार्डावर तू चारदा रागावली आहेस. अगं, माझा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. कानाला यंत्र लावून परक्या लोकांना थांबा, जोडते, म्हणत बसले. आता ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने कागद घ्यावा. शिवाय फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि ठेवल्यावर दोघींनाही काही आठवत नाही.

तू उडत उडत ऐकलंस ते खरं आहे. जावईबापूंचं लायसन्स गेलं. लोकांनी तुला तिखटमीठ लावून काय काय सांगितलं असेल, म्हणून मीच नीट सांगते. त्यांच्या लिफ्ट कंपनीतले एक जण निवृत्त झाले, त्यांचं दुपारचं जेवण होतं. तिथे पिणं झालं, आणि चवीपुरतं नाही, चांगलं झालं. मग आपले आपण गाडी घेऊन निघाले आणि घराजवळच्या बसथांब्यावरचा बाक उडवून थांबले. बाकावर कुणी नव्हतं. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावलं आणि आकडा पाहून गाडीच ठेवून घेतली. सहा महिने लायसन्स बंद, आणि दर शनिवारी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या वर्गात जाऊन बसायचं.

आता जे कुणी तुला सांगितलं नसेल ते सांगते. त्यांची बायको, आपली ठकी, चष्म्याच्या दुकानात दुपारच्या पाळीला जाते तेव्हा त्याच बाकावर बसून बसची वाट बघते. त्या दिवशी तिला आधीची बस मिळाली. एवढंच. जावयाला मी मनापासून जीव लावला होता, पण त्या दिवसापासून त्यांच्याकडे बघितलं की मला आधी तो मोडका बाक दिसतो.

तर व्यवस्था अशी झाली आहे. लिफ्ट बंद पडली, माणूस अडकला, की यांना हत्यारांची पेटी घेऊन धावावं लागतं, आणि ती पेटी काही खांद्याला अडकवून बसमध्ये चढण्यासारखी नाही. कंपनीने सांगितलं की सहा महिने घरचं कुणी गाडी चालवणार असेल तर चालेल. पण नंतरही लायसन्स परत मिळालं नाही तर कायमचं गोदामात बसून स्क्रू मोजायचे. ठकीला गाडी येत नाही. राहिले मी. तुझे भावजी गेल्यापासून त्यांची जुनी गाडी दारात उभीच होती, ती झटकून बाहेर काढली. मी हो का म्हणाले विचारशील. तर स्टिअरिंग माझ्या हातात असलं म्हणजे निदान ते कुणाच्या हातात आहे हे मला माहीत असतं.

आणखी एक त्रांगडं आहे. सहा महिन्यांनी लायसन्स ऑफिसात त्यांची चौकशी होणार, तेव्हा घरच्या एका माणसाची साक्ष घेतात. बायकोची चालत नाही, का कोण जाणे. म्हणून माझी. दोन प्रश्न असतात म्हणे. या काळात ते एकदा तरी प्यायले का, आणि तुम्ही तुमचं माणूस त्यांच्या गाडीत बसवाल का. पहिल्याचं उत्तर डोळे आणि नाक उघडं ठेवलं की मिळेल. दुसरा प्रश्न आज विचारला तर मी नाही म्हणेन.

लोभ आहेच, त्याची काळजी नाही. पुढचं पत्र मात्र पाकिटातून आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेलं येऊ दे.

तुझी,
अक्का

ता. २० जानेवारी

ती. अक्कास,

धाकटीचा सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, कारण खाली गेले तर उठवायला शिलाईच्या दुकानातून गिऱ्हाईक बोलवावं लागेल.

तुझं पत्र आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तू ड्रायव्हर झालीस इथवर आले आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला एकच काळजी आहे, ती लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांची. मागे तू मला बाजारात नेलंस तेव्हा एक सायकलवाला आपल्याला मागे टाकून गेला आणि वळून, काही मदत हवी का, असं विचारून गेला, आठवतं? तू पोहोचेपर्यंत त्या बिचाऱ्यांना दाढ्या येतील. बायकांनासुद्धा.

बाकाचं वाचलं तेव्हा मात्र हातातली शिलाई तशीच ठेवली. ठकीला जन्मल्यावर पहिलं झबलं मी शिवलं आहे. तेव्हा तू रागावली आहेस त्यात मला काही चूक दिसत नाही. मीही रागावले आहे. पण मी तुला लहानपणापासून ओळखते. तू ओरडत नाहीस, तू गप्प बसतेस, आणि तुझं ते गप्प बसणं सोसायला माणूस दगडाचा लागतो. शेजारी बसवून रोज त्याला मुकेपणाने मारू नकोस. ओरडायचं असेल तर एकदाच खिडकीच्या काचा वर करून मनसोक्त ओरड.

आमच्या घरी रविवारी दोघांत एक बाटली उघडली जाते हे तुला माहीत आहे आणि आवडत नाही, तेही मला माहीत आहे. तुझ्या पत्रानंतर ह्यांनी आपणहून सांगितलं की त्या दिवशी सायकललासुद्धा हात लावणार नाही. ह्यांना सायकल येत नाही, पण भावना पोचवते.

रस्त्यात तुम्ही दोघं काय बोलता ते सविस्तर कळव. माया करतेस तशीच करत जा आणि आरशात मागचं बघत जा.

तुझी,
धाकटी

ता. १६ मे

चि. धाकटीस,

अ. उ. आ., आणि उशिराबद्दल कान पकडते. मधली दोन पत्रं नुसती खुशालीची झाली, कारण वेळच नाही. आता मी कामाची बाई आहे.

सुरुवातीला जावईबापू मागच्या सीटवर पेटीला टेकून बसायचे, साहेबासारखे. मी टॅक्सी चालवत नाही असं सांगून त्यांना पुढे घेतलं. तू सांगितलंस तसं ओरडूनही झालं, काचा वर करून, एका सिग्नलला. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी माझं संपलं नव्हतं. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले की आई, बाकाचा आवाज अजून कानात आहे, बाकी वाटेतलं काही आठवत नाही, आणि तेच जास्त भीतीचं वाटतं. त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. माझा वेग मात्र त्यांना सोसत नाही. त्यांच्या पायाखाली काही नसतं, तरी बिचारे वेग वाढवायला उजवा पाय दाबत बसतात.

अडकलेल्यांची गंमत ऐक. एका ऑफिसच्या इमारतीत हिशेबनीस अडकला होता, दोन मजल्यांच्या मधोमध, आणि दारावर धडाधडा लाथा मारत होता. जावईबापू पेटी घेऊन वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. खाली त्याला शांत करायला कुणी नाही. मी दाराच्या फटीला तोंड लावून माझा जुना टेलिफोनचा आवाज काढला. थांबा, तुमचंच काम चालू आहे. मग मुलं किती, घरी कोण असतं, असं विचारत गेले. लिफ्ट सुटेपर्यंत तो आपल्या मेव्हण्याच्या तक्रारी सांगण्यात इतका रंगला होता की दार उघडल्यावरही बाहेर येईना, उरलेलं सांगून मगच आला. पुढे एकदा दातांचा डॉक्टर आणि त्याचा पेशंट एकत्र अडकले. पेशंटचं अर्धं तोंड बधिर, त्यामुळे मी त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं डॉक्टरच देत होता, आणि सगळी चुकीची, असं पेशंटने नंतर मला बजावून सांगितलं. आता कंपनीत फोन करणारे लोक आजीबाई येणार आहेत का असं विचारतात म्हणे. तुझ्याकडे निळं जाड कापड असेल तर गाडीला चारी सीटची कव्हरं शिवून पाठव. जुनी अगदी विटली आहेत, आणि आता चार लोकांत गाडी उभी राहते.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. मागच्या आठवड्यात एका हॉटेलात मॅनेजरची आईच सामानासकट अडकली. ती सुखरूप बाहेर आली तेव्हा सगळे इतके खूश झाले की मॅनेजरने ग्लास भरून जावईबापूंच्या हातात दिला. मी बाहेर गाडी वळवत होते. ते येऊन शेजारी बसले आणि मला वास आला. धाकटे, मी काचा खाली केल्या आणि गाडी सरळ घरी आणली. दारापाशी आलो तेव्हा ते आपणहून म्हणाले की आई, एक ग्लास घेतला, कुणी जबरदस्ती केली नाही, नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही. मी एवढंच म्हटलं, उतरा. मी आत जाऊन खूप रडले. ठकीलाही त्यांनी तेव्हाच सांगितलं. ती काही दिवस त्यांच्याशी बोललीच नाही.

आता मला सांग, साक्षीत काय सांगू? एकच ग्लास होता आणि गाडी मी चालवत होते. पण नियम असा की एक थेंबही चालत नाही. मी खरं सांगितलं तर हे गोदामात जातील. खोटं मी कधी बोलले नाही, निदान सरकारी ऑफिसात तरी नाही. मला वाटतं खरंच सांगावं. तुझं मत लगेच कळव.

तुझी माया आहे म्हणूनच विचारते, नाही तर मला विचारायची सवय नाही हे तू जाणतेस.

तुझी,
अक्का

ता. २८ मे

ती. अक्कास,

सा. न. वि. वि.

कव्हरं शिवायला घेतली आहेत. निळं कापड आहे, शिलाई दुहेरी घालते, चांगली टिकतील. कापड बेतता बेतता मात्र माझ्या डोक्यात एक विचार आला आणि तो मी गिळून टाकणार नाही, कारण गिळलेलं मला पचत नाही.

महिनाभराने चौकशी आहे. लायसन्स मिळालं तर जावई आपली गाडी सोडवून घेऊन जाणार आणि तुझी गाडी पुन्हा दारात उभी राहणार. मग चारी सीटना नवी कव्हरं कुणासाठी गं? उगीच डोळे वटारू नकोस, मला इथून दिसतात. तुझ्या पत्रात तो हिशेबनीस आहे, डॉक्टर आहे, आजीबाई आजीबाई करणारे लोक आहेत. भावजी गेल्यापासून तुझ्या पत्रात एवढी माणसं मी पाहिली नव्हती. वाचून मला किती बरं वाटलं ते सांगू शकत नाही. पण अक्का, मला तर वाटतं, त्याला लायसन्स परत मिळावं असं तुला मनातून वाटतच नाही.

खरं बोलायचं तर अवश्य बोल. मी कशाला खोटं बोल म्हणू? फक्त ते कुणासाठी बोलते आहेस एवढं आधी बघून घे. ठकीसाठी, त्याच्यासाठी, की त्या निळ्या कव्हरांसाठी.

रागावलीस तर राग पाकिटात घालून पाठव, पण पत्र बंद करू नकोस. तुझ्यावाचून मला खडसावणारं दुसरं कुणी नाही.

तुझी,
धाकटी

ता. २९ जून

धाकटीस,

आशीर्वाद या वेळी कमी आहेत, कारण जे झालं ते तुझ्यामुळे झालं.

काल चौकशी झाली. हॉलमध्ये आमच्यासारखे बरेच जण होते. एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून आपली उत्तरं घोकत होते. तपासणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती, कपातून गरम पाणी पीत काम चालू होतं. आधी जावईबापूंना आत बोलावलं, मग त्यांना दुसऱ्या दाराने बाहेर काढून मला. मी घरून खरं बोलायचं ठरवूनच निघाले होते. इस्त्रीची साडी नेसले होते.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला. सहा महिन्यांत एकदा तरी प्यायले का? आणि बघ, तोंड उघडणार तेवढ्यात तुझी कव्हरं आठवली. मी एकदा हो म्हटलं की काम झालं. यांचं लायसन्स जाणार, मी रोज गाडी काढणार, लोक आजीबाई म्हणणार. म्हणजे खरं बोलण्यात सगळा फायदा माझाच. आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलायचीच लाज वाटली. आणि जीभ म्हणाली, एक थेंबही नाही. एवढ्यावर थांबावं ना? नाही. खोटं बोलायची सवय नसली की माप कळत नाही. मी पुढे सांगितलं की ते खोकल्याचं औषधसुद्धा घेत नाहीत, त्यात असतं म्हणून.

बाईंनी कप खाली ठेवला. दोनदा शिंकल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या की आजी, तुमच्या जावयांनी मला आत्ताच हॉटेलातला ग्लास सांगितला, मॅनेजरची आई सांगितली, आणि तुम्ही उतरा म्हणालात तेही सांगितलं. आता मी कुणाचं खरं मानू?

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला काल कळलं. त्यांनी जावईबापूंनाही आत बोलावलं. आम्ही दोघं टेबलापुढे उभे, खोड्या करताना सापडलेल्या पोरांसारखे. मी काय सांगितलं ते बाईंनी त्यांना ऐकवलं, खोकल्याच्या औषधासकट. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पहिल्यांदाच भेटते आहे. बाई म्हणाल्या, साक्षीदार बाद. या माणसाची एक चूक झाली, पण तेव्हा गाडी त्याच्या हातात नव्हती, आणि कुणी न विचारता त्याने घरी सांगितलं, इथेही सांगितलं. त्याच्या शब्दावर त्याला गाडी चालवायच्या चाचणीला बसू देते. वर मला म्हणाल्या की घरी जाऊन तुम्ही शनिवारच्या वर्गाची पुस्तिका वाचा.

दुसरा प्रश्न त्यांनी मला विचारलाच नाही. खोटं बोलणाऱ्या बाईला काय विचारायचं? विचारला असता तर काय सांगितलं असतं ते माझं मलाच माहीत नाही.

परतीला एका सिग्नलला त्यांना हसू फुटलं, मला फुटलं, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या तरी मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना. धाकटे, माणूस ओळखायला मी चुकले. नोकरी जाणार हे दिसत असताना खरं बोलायला केवढी छाती लागते. मी कालपासून त्यांना नुसतं जावईबापू म्हणत नाही, मनापासून म्हणते.

तुझा राग आहेच, पण तो या लोभातलाच एक भाग समज. कव्हरं छान बसली.

तुझी,
बाद झालेली अक्का

ता. १९ जुलै

ती. मावशींना,

कृ. सा. न. वि. वि.

तुम्हाला माझं हे पहिलंच पत्र. हात वंगणाचे असतात, कागदावर डाग पडले तर माफ करा. आई तुम्हाला सगळं लिहितात हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच लिहितो आहे. त्यांनी माझ्याबद्दल जे लिहिलं असेल त्यातलं निम्मं कमी करा.

चौकशीच्या दिवसापासून आई मला फार मान देतात. पूर्वी चहा पुढ्यात आदळायच्या, आता दोन्ही हातांनी देतात. शेजारच्या बाईंना माझ्याबद्दल सांगत होत्या की आमचे जावई जीव गेला तरी खोटं बोलायचे नाहीत. मावशी, हा मान माझा नाही. कारण खरी गोष्ट अशी आहे की मी खरं बोललो ते आईंच्या धाकाने. आई सगळं सांगणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी नाही म्हणालो असतो आणि मागून त्या हो म्हणाल्या असत्या तर मी दोनदा बुडलो असतो. म्हणून आधीच सांगून मोकळा झालो. त्या माझ्यासाठी खोटं बोलतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

चौकशीनंतर आठवडाभराने न राहवून त्यांना हे सांगून टाकलं. आधी त्या बघतच राहिल्या. मग हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. म्हणाल्या, म्हणजे माझ्या नावाला तुम्हीही भ्यालात आणि मीही. थोड्या वेळाने म्हणाल्या की ते असू द्या, पण आता गाडीत तुम्ही एकटेच असणार, तिथे मला कोण भिणार? त्या खोटं बोलणार हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. शनिवारच्या वर्गात मी अजून जातो, तिथे हे बोललो. शिकवणारे म्हणाले की सांगता येत नाही हे ज्याला कळतं तो सहसा ग्लासाला लांबूनच नाही म्हणतो. मी आता तेच करतो. काम झालं की पेटी उचलतो आणि कुणी काही ओतायच्या आत दाराबाहेर पडतो. लोक मला शिष्ट म्हणायला लागले आहेत.

चाचणी मी पहिल्या वेळी नापास झालो. गाडी फार हळू चालवतो आणि मागची वाहतूक अडवतो, असं परीक्षकांनी लिहिलं. सहा महिने आईंच्या शेजारी बसल्याचा परिणाम. आईंना सांगितलं तर त्यांनी परीक्षकांनाच नावं ठेवली. दुसऱ्या वेळी पास झालो. लायसन्स खिशात आहे आणि कंपनीने मला गोदामात पाठवलं नाही. मोठ्या इमारतीतलं काम आलं की आठवड्यातून एखाद-दोनदा आईंनाही नेतो, आता शेजारच्या सीटवर. ते लोकांनीच मागितलं आहे.

राहिली ती एकच गोष्ट. ठकी अजून बसने जाते. मी तिला चल म्हणालेलो नाही आणि म्हणणारही नाही. तो हक्क मी गमावला आहे असं मला वाटतं. तिला वाटेल तेव्हा ती बसेल, आणि कधीच वाटलं नाही तर मी तिला बसथांब्यापर्यंत चालत सोडत जाईन, रोज सोडतोच.

काकांना नमस्कार. माझ्यावर लोभ करावा असं मी अजून काही केलेलं नाही, तरी थोडा उसना द्यावा.

आपला,
लिफ्टवाला

ता. ७ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अ. उ. आ., या वेळी भरपूर आणि अगदी वेळेवर.

जावयांनी तुला पत्र लिहिलं ते मला कळलं. काय लिहिलं ते विचारत नाही. माझ्या धाकाने खरं बोलले हे त्यांनी मलाही सांगितलं, आणि खरं सांगू का, मला ते आधीच्यापेक्षा जास्त आवडलं. थोर माणसापुढे कसं वागावं ते मला समजत नाही. घाबरणारा माणूस मला कळतो, मीही त्यातलीच.

त्यांच्या शेजारी मी आता बऱ्याचदा बसते. ते काही मला जड गेलं नाही. माझं काय, मी माझं जगून घेतलं आहे. शिवाय ते बरे चालवतात. माझ्याएवढे नाही, पण बरे.

आज दुपारी ठकी कामाला निघाली. तिला थांब्यापर्यंत सोडायला निघायच्या आधी ते हत्यारांची पेटी गाडीत ठेवत होते. ती त्यांच्याशेजारून पुढे गेली, फाटकापाशी थांबली, पर्स उघडून बंद केली आणि परत फिरली. काही न बोलता पुढचं दार उघडून आत बसली आणि पट्टा लावला. त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. पेटी हातात तशीच धरून उभे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इथे फाटकाशी, हातात निवडायची भाजी. धाकटे, तो चौकशीत राहिलेला दुसरा प्रश्न त्यांनी तेव्हा मला विचारला, तोंडाने नाही पण विचारला. मला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. मी नुसतं फाटक उघडून धरलं आणि गाडी बाहेर गेली.

घरात आले. भाजी निवडली, चिरली, नको होती तेवढी चिरली. ठकी रात्री परत येणार होती, ते तिला घेऊनच येणार होते. तोपर्यंत मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, शांत बसून होते, असं तुला लिहिणार होते. वाक्य मनात तयारही होतं. पण खोटं बोलून एकदा अंगाशी आलं आहे, म्हणून लिहिते. बघितलं गं, सारखं बघितलं. दर गाडीला खिडकीपाशी गेले.

आले दोघं. ती आधी उतरली, मग ते, आणि कशावरून तरी भांडत भांडत आत आले. मी भाजी फार केली होती, तिघांनी मिळून सगळी संपवली.

उद्याही ती त्यांच्याबरोबर जाणार आहे. मी उद्याही बघत बसेन. लोभ असाच ठेव आणि मला शांत हो म्हणू नकोस.

तुझी,
अक्का